शाहीर पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई

ढोलकीवर थाप पडावी आणि ऐकणाऱ्याचे पाऊल जागच्या जागी हलू नये, असे मराठी मुलखात सहसा घडत नाही. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार पाहायला गेलेला माणूस संध्याकाळ झाली की तमाशाच्या कनातीपाशी घुटमळतोच. अक्कलकुवा, तळोदा, शहादा या भागांतल्या आपल्यापैकी कित्येकांनी तमाशा पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. घरी परतल्यावर मात्र घोडे, पाळणे, मिठाईची दुकाने यांची वर्णने मोठ्या आवाजात होतात आणि तमाशाचे नाव जरा खालच्या आवाजात येते. गोष्ट आवडीची, पण ती चोरून सांगायची! हे असे का, याचा शोध घेऊ लागलो की एका माणसाच्या चरित्रापाशी येऊन थांबावेच लागते. तो माणूस म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. महाराष्ट्राने त्यांना पठ्ठे बापूराव या नावाने ओळखले.

११ नोव्हेंबर १८६६ रोजी वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी त्यांचा जन्म झाला. हा तालुका आज सांगली जिल्ह्यात आहे, त्या काळी तो सातारा जिल्ह्यात मोडत असे. कृष्णाकाठचा सुपीक मुलूख, ब्राह्मणाचे घर आणि घरात कुलकर्णीपणाचे वतन. कुलकर्णी म्हणजे गावचे दप्तर सांभाळणारा माणूस. कोणाची किती जमीन, कोणाकडे किती सारा थकला, हे सारे त्याच्या लेखणीत. मुलाने चार अक्षरे शिकावी, वतनाचे काम पुढे चालवावे, संध्या-पूजा सांभाळावी, यापलीकडे त्या घराची अपेक्षा असण्याचे कारण नव्हते. मुलाच्या कानात मात्र दुसरेच काही भरत होते. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांच्या ओव्या, देवळातली भजने आणि रात्री गावकुसाबाहेरून येणारा ढोलकीचा नि हलगीचा आवाज.

हे गावकूस नीट लक्षात घेतल्याशिवाय बापूरावांचे आयुष्य समजणार नाही. तमाशा गावाच्या करमणुकीसाठी, पण तो उभा करणारी माणसे बहुतेक महार, मांग आणि कोल्हाटी समाजांतली. ज्याची सावली अंगावर पडू नये म्हणून दिवसा जपायचे, त्याचेच गाणे रात्री मांडी घालून ऐकायचे, असा तो व्यवहार. ऐकणाऱ्याला विटाळ होत नसे. विटाळ व्हायचा तो त्याच्याशेजारी उभे राहून तुणतुणे धरणाऱ्याला. कुलकर्ण्यांच्या श्रीधरने गावातल्या फडासाठी गाणी रचून दिली, तोवर गावाने कदाचित डोळेझाकही केली असती. पण गाणी रचून त्यांचे भागले नाही. ते स्वतः फडात जाऊन उभे राहिले. मग घर सुटले, जात सुटली, वतनही सुटले. ज्यांच्या हातचे पाणी त्यांच्या घराला चालत नव्हते, त्यांच्या पंक्तीला ते बसू लागले.

या वाटेने जाणारे ते पहिलेच ब्राह्मण नव्हते. पेशवाईच्या अखेरीस सोलापूरच्या राम जोश्यांनी हेच केले होते. घरातून बाहेर पडावे लागले तेव्हा त्यांनी संस्कृत विद्या मिळवली आणि कीर्तन नि लावणी दोन्ही गाजवली. १८१२ साली ते वारले. संगमनेरचा अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ ही सारी त्याच सुमाराची मंडळी. पण त्यांच्या काळात लावणीला पुण्याचा दरबार होता, सरदारांची बिदागी होती. १८१८ नंतर तो आश्रय गेला. लावणी खेड्यापाड्यांच्या जत्रांत आणि पुढे मुंबईच्या गिरणगावात तिकिटावर जगू लागली. बापूराव या दुसऱ्या काळातले. त्यांचा यजमान पेशवा नव्हता. पाळी संपवून आलेला गिरणी कामगार आणि बैलगाडी जुंपून आलेला शेतकरी, हे त्यांचे यजमान.

त्यांच्या हातात तमाशाला जे रूप आले ते आजही मोडलेले नाही. आधी गण, म्हणजे गणपतीला आवाहन. मग गौळण आणि तिच्यात मावशीची नि पेंद्याची चेष्टा. मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. हा साचा त्यांच्या आधीपासून तयार होत आला होता, पण त्यात भरायला लागणारा माल त्यांनी ढिगाने दिला. त्यांचे गण आजही अनेक फडांत म्हटले जातात. ज्याला रचनाकाराचे नावसुद्धा ठाऊक नाही असा सुरत्याही ते घोळवून म्हणतो. शृंगाराच्या लावण्या तर त्यांनी रचल्याच, पण कलगी-तुऱ्याच्या झगड्यात लागणाऱ्या भेदिक लावण्याही रचल्या. भेदिक म्हणजे कोड्यातला अध्यात्मविचार. एका पक्षाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यायचे, आणि हरला त्याने डफ खाली ठेवायचा. इथे पोथी वाचलेल्या घरातून आल्याचा बापूरावांना फायदा झाला असणार, हे उघड आहे. त्यांचा ‘मिठाराणी’चा वग विशेष गाजला. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींसमोर तो झाला, असे सांगतात.

दोन लाख लावण्या रचल्याचा दावा त्यांनी स्वतःच केला आहे. आता हिशेब करून पाहा. पन्नास वर्षे एकही दिवस न चुकता रचले तरी रोज अकरा लावण्या होतात! शाहिराचा आकडा हा शाहिराचाच आकडा, त्याला तलाठ्याची मोजपट्टी लावू नये. उरलेल्या रचना त्यामानाने थोड्या आहेत, तरी एका माणसाच्या मानाने पुष्कळच. त्या वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. कागदावर त्या निम्म्याच असतात. शब्दांमध्ये मोकळ्या जागा सोडलेल्या आहेत, त्या ढोलकीसाठी आणि पायातल्या चाळांसाठी. ओळ संपते तिथे झीलकऱ्याने ती उचलायची असते. म्हणजे अर्धी लावणी लिहिणाऱ्याची आणि अर्धी नाचणारीची. पण शेवटच्या कडव्यात नाममुद्रा येते ती एकट्या बापूरावांची.

ती अर्धी लावणी ज्यांची, त्या पवळाबाई. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा या गावच्या, महार समाजातल्या. लोक त्यांना नामचंद पवळा म्हणत. आधीच्या तमाशात बाईचे काम नाच्या पोऱ्या करीत असे. आपल्या भागातल्या सोंगाड्या पार्टीत पुरुष लुगडे नेसून उभे राहात आले, तसेच ते. ढोलकीच्या फडावर बाई उभी राहू लागली त्या बदलाच्या आरंभी पवळाबाईंचे नाव घेतले जाते. त्यांचे रूप, आवाज आणि अदा यांच्याविषयी इतक्या कथा आहेत की त्यांतली खरी कोणती आणि मागाहून जोडलेली कोणती हे निवडणे कठीण. पण एवढे खरे की बापूरावांची कीर्ती मुंबईपर्यंत गेली ती या जोडीची म्हणून गेली. एकट्याची म्हणून नव्हे. शब्द त्यांचे, पण लोक तिकीट काढीत होते ते पवळाबाईंना पाहायला.

इथे भाषेची एक सवय सांगितली पाहिजे. या दोघांवर मराठीत जे लिहिले गेले त्यात बापूराव आले, बापूराव गेले, असे आदरार्थी लिहिले जाते. त्याच वाक्यात पवळा मात्र आली, गेली, नाचली अशी एकेरीत येते. लिहिणाऱ्याच्या मनात अनादर असतोच असे नाही, हात आपोआप तसा वळतो. रामजोशी आणि बया, बापूराव आणि पवळा. या लेखात मी पवळाबाई असेच लिहीत आहे, आणि दर वेळी लेखणी क्षणभर अडखळते. ती का अडखळते, याचाही विचार व्हायला हवा.

एकाच्या बाबतीत जे केले त्याला त्याग म्हटले गेले, दुसरीच्या बाबतीत त्याला धंदा म्हटले गेले. बापूरावांनी कुळ सोडले, वतन सोडले, कलेपायी सर्वस्वावर पाणी सोडले. हे सारे खरे आहे आणि त्यासाठी लागलेले धैर्य लहान नव्हते. त्या काळच्या एखाद्या ब्राह्मणाने महार स्त्रीबरोबर उघडपणे राहावे, तिच्या समाजात जेवावे-खावे, ही साधी गोष्ट नव्हे. पण सोडण्यासाठी आधी हातात काही असावे लागते. पवळाबाईंकडे सोडायला ना वतन होते, ना कुळाची प्रतिष्ठा. त्या फडावर उभ्या राहिल्या तेव्हा समाजाला धक्का बसला नाही. त्यांच्या जातीच्या बाईने नाचायचेच, असे समाजाने आधीच ठरवून टाकले होते. बापूरावांना वाळीत टाकले गेले. पवळाबाई तर जन्मापासूनच वाळीत होत्या.

आपल्या मराठीपुरतीच ही गाठ आहे असे समजू नये. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९७० च्या दशकात सदर्न रॉक या नावाने एक संगीत फार लोकप्रिय झाले. गिटारींची झुंज, गावाकडच्या मातीचा अभिमान आणि कामकरी माणसाची रांगडी बोली. लिनर्ड स्किनर्ड हा त्यातला गाजलेला बँड. त्यांच्या मंचामागे एक झेंडा झळकत असे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचा तो झेंडा. गंमत अशी की या गाण्यांचा गाभा ब्लूजचा. आणि ब्लूज तर गुलामांच्या वंशजांनी, काळ्या माणसांनी घडवलेले. त्याच संगीतातल्या ऑलमन ब्रदर्स बँडमध्ये गोरे आणि काळे वादक शेजारी बसून वाजवीत, हेही सांगितले पाहिजे. त्या गाण्यांवर जीव टाकणाऱ्या श्रोत्यापुढे आजही तोच पेच उभा राहतो. सूर सोडवत नाही आणि मागचा झेंडा नजरेआड करता येत नाही. आपल्याकडे झेंडा नव्हता एवढाच फरक. जातीला झेंड्याची गरज पडत नाही.

हा पेच बापूरावांच्या आयुष्यात एकदा अगदी समोरासमोर आला. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. त्या चळवळीला मदत म्हणून आपल्या तमाशाच्या काही खेळांचे उत्पन्न द्यावे, असे बापूरावांच्या मनात आले आणि पवळाबाईंना बरोबर घेऊन ते बाबासाहेबांना भेटायला गेले, असे सांगितले जाते. बाबासाहेबांनी तो पैसा नाकारला. महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा त्या समाजाच्या उद्धाराला नको, असा त्यांचा आशय होता. चळवळीला तेव्हा पैशाची ददात होती, तरीही.

प्रथम वाचताना हे कठोर वाटते. ज्याने त्या समाजासाठी आपली जात टाकली त्यालाच दारातून परत पाठवावे! पण बाबासाहेबांच्या जागी उभे राहून पाहिले की दुसरी बाजू दिसते. त्यांना हवे होते ते महार माणसाने गावकीची कामे, मेलेली ढोरे ओढणे, उष्टे मागणे आणि करमणुकीसाठी अंग झिजवणे हे सारे झिडकारणे. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी आणि तशाच इतर स्त्रियांच्या सभेत त्यांनी ते जिणे सोडण्याचे स्पष्ट आवाहन केले. एका हाताने ते आवाहन करायचे आणि दुसऱ्या हाताने तमाशाची थैली घ्यायची, हे त्यांना जमणारे नव्हते. मला त्यांचा निर्णय पटतो. तरी एक गोष्ट मनात राहते. हा प्रसंग ज्या ज्या रूपात माझ्या वाचनात आला त्यात बापूराव आहेत, बाबासाहेब आहेत. पवळाबाई तिथे हजर आहेत, पण त्या काही बोलत नाहीत. तो पैसा अर्धा त्यांच्या पायांनी मिळवलेला होता. तो द्यावा की न द्यावा, घ्यावा की न घ्यावा, हे त्यांना कोणी विचारले होते का?

आंबेडकरी चळवळीने याचे उत्तर आपल्या परीने शोधले. त्याआधी सत्यशोधकांनी आपले जलसे काढले होते. १९३० नंतर भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. साचा तमाशाचाच, ढोलकीही तीच, पण शृंगार आणि बाईचा नाच वगळलेला. जलसे ऐकून माणसे शाळेत मुले घालू लागली, हे मोठेच काम झाले. पण तमाशात नाचणाऱ्या बाईला जलशात जागा नव्हती. ती होती तिथेच राहिली.

बापूरावांचा उतरता काळ लवकरच सुरू झाला. १८८० नंतर संगीत नाटकाने मध्यमवर्ग आपल्याकडे ओढलाच होता, आणि लावणीच्या चाली त्यानेही उचलल्या होत्या. चाली तेवढ्या शुद्ध करून घेतल्या, चाली घडवणारी माणसे बाहेरच राहिली. १९१३ साली मूकपट आला, १९३१ मध्ये बोलपट आला. मुंबईचे गर्दीचे प्रेक्षक तिकडे गेले. पवळाबाई आणि बापूराव यांची जोडीही फुटली. १९३९ साली पवळाबाई वारल्या. बापूरावांच्या हाती कधी काळी पैसा पाण्यासारखा आला आणि पाण्यासारखाच गेला. अखेरची वर्षे त्यांनी हलाखीत काढली आणि २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात देह ठेवला. पाच वर्षांच्या आत, १९५० मध्ये, त्यांच्या नावाचा मराठी चित्रपट निघाला. जिवंतपणी फिरवलेली पाठ मेल्यावर पडद्याकडे वळवण्यात आपला समाज मोठा तरबेज आहे. मधल्या काळात स्वातंत्र्य आले होते आणि मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर काही काळ बंदीही घातली होती. बंदी उठली तेव्हा संहिता तपासून घेण्याची अट आली. तपासली जात होती ती लावणीतली अक्षरे. फडावरच्या बाईला बिदागी काय मिळते, कनातीमागे ती निजते कुठे, हे तपासणारे मंडळ नेमलेले नव्हते. पुढच्या पिढीतल्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी २००२ साली त्या गेल्या त्या आर्थिक विवंचनेतच.

बापूरावांच्या रचनांत ‘मुंबईची लावणी’ फार प्रसिद्ध आहे. खेड्यातून आलेल्या माणसाचे डोळे दिपावे तसे त्या शहराचे वर्णन तिच्यात येते. रस्ते, वस्त्या, झगमगाट, चैन. ऐकणाऱ्या गिरणी कामगाराला आपण राहतो ते शहर एवढे नवलाचे आहे हे त्या लावणीनेच सांगितले असेल. तिची मोहिनी आजही कमी झालेली नाही.

वाळवे तालुक्यातच, रेठऱ्यापासून फार दूर नाही अशा वाटेगावी, १ ऑगस्ट १९२० रोजी मांगवाड्यात एक मुलगा जन्मला. बापूराव पन्नाशी ओलांडून गेले होते तेव्हा. हा मुलगा वडिलांबरोबर पायी मुंबईला आला, मिळेल ते काम केले, गिरणीत राबला आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात उभा राहिला. हे अण्णाभाऊ साठे. बापूराव ज्या फडात सर्व सोडून गेले, त्या फडात अण्णाभाऊ जन्मानेच होते. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. तमाशाला त्यांनी लोकनाट्य म्हटले. गणातली गणपतीची जागा मातृभूमीच्या, शिवरायांच्या आणि श्रमिकांच्या वंदनेने घेतली.

आणि त्यांनीही एक ‘मुंबईची लावणी’ लिहिली. नाव तेच, शहर तेच, ढोलकीचा ठेकाही ओळखीचा. पण ही लावणी मलबार हिलवरून सरळ परळच्या चाळीत उतरते. तिथे राबणारी, उपाशी निजणारी माणसे दाखवते आणि ज्या रस्त्यांवर बापूरावांना झगमगाट दिसला त्याच रस्त्यांवर धंद्याला बसलेल्या बायकाही दाखवते. बापूरावांना अण्णाभाऊंनी कुठे शिवी दिली नाही, त्यांची चाल टाकून दिली नाही. त्यांचेच नाव घेतले, त्यांचाच बाज घेतला आणि पहिल्या लावणीत जे राहून गेले होते ते तिच्यात भरले. गिरणगावात दोन्ही लावण्या गायल्या गेल्या.